फिरत्या पाकिटातलं पत्र

माउंट होप, ओहायो
११ फेब्रुवारी २०१३

प्रिय सलोमा,

येशूच्या नावाने नमस्कार. इथे सकाळपासून बर्फ पडतो आहे, पण वारा नाही. रविवारी चर्चची पाळी आमच्या जावयाच्या, डेल्बर्टच्या काकांच्या घरी होती. एकशे दहा माणसं होती. बरेच जण तापाने घरी राहिले होते.

तू आयोवाला नीट पोचलीस हे डेल्बर्टकडून कळलं. भावाच्या दफनासाठी तू सदुसष्टाव्या वर्षी, भर जानेवारीत दहा तास गाडीत बसून आलीस, आणि मला तुझ्याशी दोन शब्द धड बोलता आले नाहीत. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळं काम शेजारणींनी हातात घेतलं होतं. नुसतं खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं मला कधी जमलं नाही, हे तुला माहीत आहे.

तू विचारलंस तेव्हा मी "हृदय" एवढंच म्हणाले होते. आता नीट सांगते. बुधवार होता. अर्विन न्याहारी करून साजाच्या दुकानात गेला. शिवता येत नव्हतं तरी तो रोज जायचा. बकलं निवडायचा, चामड्याला तेल लावायचा, गिऱ्हाइकांशी घोड्यांबद्दल बोलायचा. दहा वाजता मी कॉफी घेऊन गेले. तो चामडं शिवायच्या बाकड्यावर, त्या लाकडी घोडीवर बसला होता आणि तिच्या चिमट्यासारख्या जबड्यात एक पट्टा धरला होता. हातात सुया नव्हत्या. मला वाटलं, विचार करतो आहे. मी कॉफी ठेवून परत आले. परत आले, सलोमा. पाऊण तासाने कप आणायला गेले तेव्हा कॉफी तशीच होती.

डॉक्टर म्हणाले की मी कॉफी नेली तेव्हाच तो गेलेला असणार. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेचा याच्याशी काही संबंध नाही, असंही म्हणाले. मी विचारलं नव्हतं, धाकट्या विल्माने विचारलं. तुला माहीत आहे, तिच्या लग्नाच्या तीन आठवडे आधी ती शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर होती. सोळा महिने त्याने एक टाका घातला नाही.

एक विचारायचं होतं. नोव्हेंबरात तुझं ते फिरतं पाकीट आमच्याकडे आलं होतं. अर्विनने दुकानात बसून तीन दिवस पत्र लिहिलं. मी म्हटलं, "दाखव तरी." तर म्हणाला, "मुतखड्याचं पुराण आहे, तुला झोप येईल." मग त्याने ते पाकिटात घालून पुढे धाडलं. एव्हाना ते तुझ्याकडे येऊन गेलं असेल. त्याने हॉस्पिटलातल्या दिवसाबद्दल काही लिहिलं आहे का?

माझे काळे कपडे शिवून झाले. वर्षभराला तीन झगे पुरतील.

तुझी भावजय,
लव्हीना श्लाबाख

•

कलोना, आयोवा
२ मार्च २०१३

प्रिय लव्हीना,

येशूच्या नावाने नमस्कार. तुझं पत्र तीनदा वाचलं. कॉफीचा कप डोळ्यांसमोरून हलत नाही. पण एक ऐक. त्याला कॉफी हवी होती आणि ती तू नेलीस. यापेक्षा जास्त बायको काय करते? हे मी चार वर्षं विधवा असलेली बाई सांगते आहे.

माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात. सून म्हणते, "आई, तुम्ही येताय हे पायऱ्यांआधी तुमच्या गुडघ्यांवरून कळतं." म्हटलं, बरं आहे, तुला तोंड मिटायला वेळ मिळतो.

पाकीट जानेवारीच्या शेवटी आलं. मी दफनाहून परत आले आणि आठवड्याभराने टपालपेटीत ते जाडजूड पाकीट. उघडलं तर वर अर्विनचं अक्षर. माणूस जमिनीखाली आणि त्याचं पत्र माझ्या हातात. मी पेटीजवळच उभी राहून वाचलं, बर्फात. सुनेला वाटलं मला झटका आला.

त्यात काय आहे ते मात्र मला सांगता यायचं नाही. पाकिटाचा नियम मीच केला आहे, तो मीच कसा मोडू? नऊ घरं, नऊ पत्रं, सगळे मुतखड्याचे मानकरी. पाकीट आलं की दुसऱ्यांची आठ पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि महिन्याभरात पुढच्या घरी धाडायचं. आतलं बाहेर बोलायचं नाही. आधी हा नियम नव्हता. मग मिझुरीच्या टोबीचं पोट किती दिवस साफ झालं नाही ते तीन जिल्ह्यांत पसरलं आणि तो बिचारा लिलावालासुद्धा जाईना.

पण तुझ्यासाठी एक सोय आहे. पाकीट आता मिझुरी, मग विस्कॉन्सिन, ऑन्टॅरिओ, असं करत ऑक्टोबरच्या सुमारास तुझ्या दारी येईल. अर्विनचं पत्र त्यातून काढायचा हक्क त्याच्या घराचा आहे, म्हणजे तुझा. आणि त्याच्या जागी तू लिही. खडा तुझ्या पोटात नव्हता हे खरं, पण तू तो त्याच्याइतकाच सोसलास.

एवढं सांगते की तुझा नवरा, माझा भाऊ, जन्माचा हट्टी होता. आपल्या आमिश लोकांना दुखणं होत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. होतं, पण आपण ते कोटाच्या आत ठेवतो. माझ्या खड्याच्या वेळी मला विचारलं तेव्हा मी नर्सला सगळी यादी वाचून दाखवली: गुडघे, दात, छातीत जळजळ, नवऱ्याचं घोरणं. त्यांनी मला पाठीवर झोपवूनच काम केलं, एका कुशीखाली उशी दिली आणि एक पाय पाळण्यात टाकल्यासारखा वर बांधला. मी म्हटलं, "डॉक्टर, या अवस्थेत मी सहा मुलं काढली आहेत, सातवं नको." तिसऱ्या दिवशी मी पाय ओढत कोंबड्यांना दाणे टाकत होते. माझे खडे बाटलीत आहेत, कपाटात दालचिनीशेजारी. सून कपाट उघडताना देवाचं नाव घेते.

तेव्हा वाट बघ. आणि जेवत जा.

सलोमा

•

माउंट होप
८ एप्रिल २०१३

प्रिय सलोमा,

येशूच्या नावाने नमस्कार. वाटाणे लावून झाले. जमीन अजून ओली आहे.

तुझ्या पत्राने घरात बऱ्याच दिवसांनी हसू आलं. विल्माला बाटलीचा भाग वाचून दाखवला. ती जुलैमध्ये बाळंत होणार आहे. ही बातमी अर्विनला माहीत होती, एवढं बरं.

तुझ्या बाबतीत कसं झालं ते वाचून मी त्याचं आठवत बसले. त्याला पोटावर झोपवलं होतं, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला वर घेऊन. अडीच तास. बाहेर आणला तेव्हा चेहरा सुजलेला होता, कपाळावर आणि हनुवटीवर लाल वळ होते. पाठीला एक छोटं भोक, त्याला पट्टी. मला वाटलं होतं त्याला पाठच दुखेल. पाठीबद्दल तो कधी बोललाच नाही. ती दोन आठवड्यांत भरून आली. दुखत होता खांदा. बरगड्याही दुखत होत्या, पण त्या थांबल्या. खांदा थांबला नाही. खांद्यापासून कोपरापर्यंत आग, आणि त्यापुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, जणू दुसऱ्याच कुणाची.

त्याचा तो खांदा आधीपासून अधू होता. माळ्यावरून पडला होता ते तुला आठवत असेल. कोट घालताना आधी डावा हात घालायचा, मग उजवा. टोपी उजव्या हाताने. घोड्याच्या मानेवर साज टाकताना घोड्यालाच मान खाली घालायला शिकवलं होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

लग्नात भरलेल्या कोंबडीचं पातेलं त्याला उचलता आलं नाही. मुलीचा बाप, आणि दाराशी हात झोळीत घालून उभा. लोक म्हणत, "अर्विन, कामचुकारपणाला चांगलं निमित्त शोधलंस." तो म्हणायचा, "चार मुलींची लग्नं हातांनी केली, पाचवीचं डोळ्यांनी करतो."

नंतर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने त्याची बोटं वाकवून पाहिली, मग हात वर करायला सांगितला. तो जेमतेम खांद्यापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाला, "हा आधीपासून असाच आहे का?" अर्विन म्हणाला, "चौदा वर्षं." डॉक्टरने तो हात हळूच खाली आणला. मग म्हणाला, "हे मला माहीत असतं तर तो हात मी वर घेतलाच नसता, अंगालगत ठेवला असता. नाहीतर तुम्हाला पाठीवर झोपवून केलं असतं. इथेच. मी दोन्ही तऱ्हांनी करतो." अर्विन म्हणाला, "आता माहीत झालं." परत येताना गाडीत तो एवढंच बोलला, "जेवायला काय आहे?"

सलोमा, नियम मोडू नकोस. पण मला एक सांग. त्या पत्रात माझं नाव आहे का? हो किंवा नाही, एवढंच. त्या दिवशी त्या खोलीत मीही होते. ऑक्टोबरपर्यंत ते पत्र सहा घरं वाचणार आणि मी शेवटी वाचणार, याचा मला त्रास होतो.

लव्हीना

•

कलोना
१९ मे २०१३

प्रिय लव्हीना,

हो. तुझं नाव आहे. आणि तुला खाली मान घालावी लागेल असं एक अक्षर नाही. झालं समाधान? आता पाकिटाच्या आतलं यापुढे एक शब्द सांगणार नाही, तू मला सफरचंदाचा मुरंबा पाठवलास तरी.

तू स्वतःला उगाच खात बसू नकोस. नर्सने त्याला नुसतं विचारण्याऐवजी हात वर करून दाखवायला सांगायला हवं होतं असं मला आधी वाटायचं. पण तिने विचारलं तर होतं ना? आपल्या माणसाने सांगायला हवं होतं. तो सांगणाऱ्यातला नव्हताच.

तुला एक गोष्ट सांगते, आजवर कुणालाच सांगितली नाही. तो सहा वर्षांचा होता आणि मी बारा. आम्ही पंपावर पाणी काढत होतो. मी दांडा वर धरला होता. मला कुणीतरी हाक मारली आणि मी दांडा सोडला. तो त्याच्या बोटावर पडला. बोट मोडलं. पोरगं रडलं नाही. रात्रीचं जेवण जेवला, डाव्या हाताने. निजायला कपडे काढताना कोटाचे हूक निघेनात तेव्हा आईच्या लक्षात आलं. "हे काय झालं?" तर म्हणाला, "माझाच हात घसरला." मी शेजारी उभी होते आणि काही बोलले नाही. आईने त्याला वर पंपाशी खेळल्याबद्दल दोन फटके दिले. बघ, किती हट्टी. खरं सांगितलं असतं तर फटके मला बसले असते आणि मोकळे झालो असतो दोघंही.

एकसष्ट वर्षांचा झाला तरी तेच. तेव्हा तू काय करणार होतीस?

माझी रताळी लावून झाली. सून म्हणते खूप झाली. ती दरवर्षी हेच म्हणते आणि दरवर्षी खाते.

सलोमा

•

माउंट होप
२६ जुलै २०१३

प्रिय सलोमा,

येशूच्या नावाने नमस्कार. विल्माला मंगळवारी मुलगा झाला. आठ पौंड. दोघं बरी आहेत. त्यांनी नाव अर्विन ठेवलं. मला आधी विचारलं, मी ठेवा म्हटलं.

दुकानातली शिवणाची यंत्रं डेल्बर्टच्या भावाने नेली. लाकडी घोडी मी ठेवून घेतली. तिच्या जबड्यात तो पट्टा अजून तसाच आहे.

तुझी पंपाची गोष्ट मी पुष्कळदा वाचली. तू ती हट्टाची गोष्ट म्हणून सांगितलीस. मला ती तशी वाटली नाही. पण मला नीट लिहिता येत नाही, म्हणून सोडून देते.

बारा डझन बरण्या घेवडा झाला.

लव्हीना

•

माउंट होप
१४ ऑक्टोबर २०१३

प्रिय सलोमा,

येशूच्या नावाने नमस्कार. पाकीट शनिवारी आलं. मी सोमवारपर्यंत उघडलं नाही. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून बाकावर डोकं ठेवलं तेव्हा सगळे उठले तरी मला उठायचं सुचेना. शेजारणीने कोपराला हात लावला.

आज कपडे धुऊन दोरीवर घातले आणि मग दुकानात जाऊन वाचलं. तुला ते माहीत आहे, तरी मी इथे उतरवते आहे. मला ते माझ्या हाताने एकदा लिहून पाहायचं आहे.

"पाकिटातल्या सर्वांना नमस्कार. मी अर्विन, सलोमाचा धाकटा भाऊ. तिने इतकी वर्षं मागे लागून शेवटी मला या मंडळीत ओढलं. घोड्यांचा साज शिवतो, म्हणजे शिवत होतो. माझा खडा डाव्या बाजूला होता, पीचच्या बीएवढा. तो गेला, परत आला नाही, त्याबद्दल देवाचे आणि डॉक्टरचे आभार.

मला पोटावर झोपवलं होतं. टोबीलाही तसंच झोपवलं होतं आणि तो आठवड्यात गाई पिळायला लागला, तेव्हा पोटावर झोपण्याला कुणी घाबरू नये. सलोमा पाठीवर झोपली आणि तिसऱ्या दिवसापासून सुनेला हुकूम सोडायला लागली, तेव्हा पाठीवर झोपण्याला मात्र सुनांनी घाबरावं. माझं बिघडलं ते झोपण्याने नाही. माझा डावा हात वर जात नाही हे मी सांगितलं नाही, म्हणून. घरी मुलीचं लग्न होतं, मला उशीर नको होता. नर्सने विचारलं तेव्हा मी 'चालेल' म्हटलं. लव्हीना सांगायला निघाली होती. मी टेबलाखाली माझा बूट तिच्या बुटावर दाबला. ती बिचारी गप्प बसली. मी तिला बोलू दिलं असतं तर आज शिवत असतो.

म्हणून ज्यांना अजून टेबलावर जायचं आहे त्यांना एवढंच सांगतो. जुनं दुखणं, मोडलेलं, न वळणारं, सगळं आधी सांगा. लाज वाटली तरी सांगा. बेशुद्ध झाल्यावर 'दुखतंय, सोडा' असं आपल्याला म्हणता येत नाही.

इथे यंदा सफरचंदं भरपूर आहेत. लव्हीनाने चाळीस बरण्या भरल्या. तिने माझ्या कोटाचे हूक सोळा महिने लावले, एकदाही सुस्कारा न टाकता. सर्वांची प्रकृती बरी असो. अर्विन."

एवढंच आहे. चौदा महिने म्हणायला हवं होतं, सोळा नाही. नोव्हेंबरात चौदाच झाले होते. पुढचे दोन मी लावले.

ते एक सोडून यात अजून एक चूक आहे.

लव्हीना

•

कलोना
२७ ऑक्टोबर २०१३

प्रिय लव्हीना,

मी म्हटलं नव्हतं? वर्षभर जीव टांगून बसलीस, आणि निघालं काय? त्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं आहे आणि तुझं कौतुक केलं आहे, ते आठ घरांनी वाचलं. ऑन्टॅरिओच्या बाईने मला वेगळं कार्ड पाठवलं की असा नवरा पाहिला नाही. टोबी म्हणतो, आता मी माझ्या बायकोला माझ्या आधी बोलू देतो. ती म्हणते, त्यात नवीन काय.

सोळा आणि चौदाचं काय धरून बसलीस? त्याला बेरीज शाळेतही येत नव्हती. दुसरी चूक कुठली ते मला सापडली नाही. मला ते पत्र पाठ आहे.

आता त्याचं पत्र काढून घे, बायबलमध्ये ठेव, आणि स्वतःचं लिही. मोठं नको. मुलाबद्दल लिही, सफरचंदांबद्दल लिही, आणि पाकीट पुढे जाऊ दे. पुढच्या इंडियानाच्या घरी शस्त्रक्रियेची तारीख आली आहे, ती माणसं पाकिटाची वाट पाहत आहेत.

आणि आता झोप, बाई.

सलोमा

•

माउंट होप, ओहायो
४ नोव्हेंबर २०१३

पाकिटातल्या सर्वांना,

येशूच्या नावाने नमस्कार. मी लव्हीना, अर्विन श्लाबाखची बायको. अर्विन नऊ जानेवारीला गेला. नियमाप्रमाणे त्याचं पत्र मी काढून घेतलं आहे आणि त्याच्या जागी हे ठेवते आहे. मला खडा झालेला नाही. तरी चालेल, असं सलोमा म्हणाली.

तुम्ही सगळ्यांनी त्याचं पत्र वाचलं आहे. त्यात जे लिहिलं आहे ते त्या दिवशी घडलं, पण तसं नाही. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. चौतीस वर्षांत मी त्याला गिऱ्हाइकाशी एकदाही खोटं बोलताना ऐकलं नाही. म्हणून तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. मला तो विश्वास तसाच ठेवता येत नाही.

हॉस्पिटलात जाताना आम्ही भाड्याने मोटार चालवणाऱ्या बर्नीच्या गाडीत मागे बसलो होतो. आमच्या शेजारच्या घरातल्या माणसाला पोटावर झोपता येत नव्हतं, म्हणून त्याला क्लीव्हलंडला धाडलं होतं आणि दोन महिने तारीख मिळाली नव्हती, असं मी त्याच्या बायकोकडून ऐकलं होतं. ते खरं होतं की नाही, आमच्या बाबतीत तसं होणार होतं की नाही, मी कुणाला विचारलं नाही. मी अर्विनला म्हटलं, "तिथे खांद्याचं काढू नकोस."

तो म्हणाला, "का?"

"क्लीव्हलंडला पाठवतील. तीनशे ऐंशी माणसं जेवायला बोलावली आहेत, अर्विन. लग्नात तू खड्याने अंथरुणात हवास का?"

"विचारलं तर?"

"विचारलं तर चालेल म्हण."

तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "या लोकांचा कोबी चांगला आला आहे."

खोलीत नर्स समोर बसली होती आणि आम्ही दोघं टेबलाच्या या बाजूला. ती चांगली बाई होती, घाईत नव्हती. तिने विचारलं, पोटावर हात वर घेऊन झोपता येईल का. तो म्हणाला, "चालेल." मी सांगितलं होतं तसंच. ती थांबली नाही. तिने विचारलं, "मान, खांदे, कुठे जुनी दुखापत?" आणि अर्विन म्हणाला, "एक जुनी—"

तेव्हा मी टेबलाखाली पाय दाबला.

तो थांबला. नर्सने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "घरी कधी पोटावर झोपतात का?" चौदा वर्षं तो उजव्या कुशीवर, पाठीला दोन उशा लावून झोपत होता. त्या उशांचे अभ्रे मी धुत होते. मी म्हटलं, "हो."

तिने तसं लिहून घेतलं.

डॉक्टरने नंतर सांगितलं की पाठवायची काही गरज नव्हती, हात नुसता खाली ठेवला असता तरी चाललं असतं. ते ऐकताना अर्विन माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हा वाटलं, रागाने पाहत नाही. आता वाटतं, मला सांभाळायला पाहत नव्हता. यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. रोज सकाळी मी त्याचे हूक लावायचे आणि रोज वाटायचं, आज बोलू. तोही वाट पाहत असेल का, मला माहीत नाही. मग त्याने तुमच्या पाकिटात लिहिलं, आणि ते मला सोडून सगळ्यांना वाचायला दिलं. कधीतरी ते आपल्याच घरी परत येणार हे त्याला माहीत होतं. येईल तेव्हा आपणच ते काढून घेऊ आणि मला दिसणारही नाही, असं त्याला वाटलं असेल. किंवा मला ते सापडावं असंही वाटलं असेल. मी ठरवू शकत नाही.

सलोमा, तुला हे पाकिटातून वाचावं लागतं आहे, वेगळं कळवलं नाही, त्याबद्दल माफ कर. तू पंपाची गोष्ट सांगितलीस तेव्हाच मला कळलं होतं की त्याने काय लिहिलं असणार. बिशपांना मी शनिवारी सांगितलं आहे. पंधरा दिवसांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर गुडघे टेकून सांगेन. पण हे पत्र आधी तुमच्याकडे पोचायला हवं, कारण खोटं तुमच्याकडे पोचलं आहे. इंडियानाच्या घरी तारीख आली आहे असं कळलं. तिथल्या बाईला माझं सांगणं आहे. नर्स त्याला विचारील. तो आपल्यातलाच आहे, तो 'चालेल' म्हणेल. तिने तुझ्याकडे पाहिलं तर खरं सांग. तिने पाहिलं नाही तरी सांग.

अर्विनचं पत्र मी बायबलमध्ये ठेवलं नाही. दुकानात लाकडी घोडीच्या जबड्यात त्याचा शेवटचा पट्टा होता, तो काढला आणि तिथे ठेवलं.

यंदा सफरचंदं कमी आहेत. विल्माचा मुलगा साडेतीन महिन्यांचा झाला, पोटावर झोपतो, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला वर टाकून. विल्मा म्हणते, किती गाढ झोपतो बघ. मी त्याला उचलून पाठीवर ठेवते.

बूट माझा होता. अर्विनने पाय काढून घेतला नाही.

लव्हीना श्लाबाख